मिडल शून्यावर

हेमचंद्र सबनीसच्या ॲम्प्लिफायरला पाच बटणं होती आणि त्यांतली चार अंबरनाथ पूर्वेच्या 'गुलमोहर' सोसायटीने लावलेली होती. सोसायटीने तसा काही ठराव केला नव्हता. पण ठराव, सूचक, अनुमोदक वगैरे करून जे काम कधीच झालं नसतं, ते नुसत्या तक्रारींनी बिनबोभाट झालं होतं.

'मास्टर' म्हणजे एकूण आवाज किती मोठा ते ठरवणारं बटण. ते एकवर असायचं. ते सेक्रेटरी श्रीपाद गुप्ते यांचं. त्यांची आणि हेमचंद्रची भिंत एकच होती, आणि मास्टर दोनवर गेला की आपल्या भिंतीवरचं घड्याळ तिरकं होतं असं त्यांचं म्हणणं होतं. 'मिडल' शून्यावर. ते वरच्या मजल्यावरच्या सुनेत्राबाईंचं. सुनेत्राबाई शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी पेपर तपासायच्या. एकदा त्या लाल पेन हातात घेऊनच खाली आल्या आणि म्हणाल्या, "हेमू, तुझ्या गिटारचा तो मधला आवाज आहे ना, नाकात बोलल्यासारखा, तो माझ्या डोक्यात जातो. बाकीचं वाजव हो खुशाल. तेवढा तो काढ." हेमचंद्रने तो काढला. 'ट्रेबल', म्हणजे बारीक आवाज, दहावर होता, कारण बारीक आवाज भिंतीपलीकडे जात नाही आणि त्याबद्दल कोणी कधी काही बोललं नव्हतं. 'बेस', म्हणजे जाड आवाज, तोही दहावर, कारण सबनीस तळमजल्यावर राहायचे आणि खालून तक्रार करायला फक्त उंदीर होते.

पाचवं बटण 'गेन'. गिटारचा आवाज फाडायचं काम ते करतं. ते मात्र हेमचंद्रचं स्वतःचं. बाकी सगळं लोकांनी नेल्यावर एक तरी सुख आपलं असावं, म्हणून त्याने ते दहापर्यंत पिळून ठेवलं होतं. पुढे अकरा असता तर तिथेही नेलं असतं. या पाचांतून जो आवाज निघायचा तो गरम तेलात मोहरी तडतडावी आणि लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी, असा होता. त्याला हेमचंद्र 'माझा टोन' म्हणायचा.

हेमचंद्रचं वय सव्वीस. दिवसा बदलापूरच्या एका रंगाच्या कंपनीत लॅबमध्ये रंगाचे नमुने सुकवायचा आणि उरलेल्या वेळी एका कॅसेटचा विचार करायचा. ती कॅसेट कुणाच्या तरी जहाजावरच्या भावाने आणलेल्या कॅसेटची कॉपी होती, तिच्यावर नाव नव्हतं, गाणाऱ्याचे शब्द कळत नव्हते. पण त्यातलं गिटार! भरलेला ट्रक दुसऱ्या गिअरवर घाट चढताना जसा छातीतून गुरगुरतो, तसं ते गुरगुरायचं. तो आवाज आपल्या हातून एकदा तरी निघावा, एवढीच त्याची इच्छा होती. आता असली इच्छा घेऊन १९९३ सालच्या अंबरनाथमध्ये माणसाने जायचं कुठे? तो बेंजो पार्टीत गेला.

बेंजो पार्टी ही लग्नाच्या वरातीत आणि हळदीत वाजते. तिच्यात ढोल असतात, ताशा असतो, झांजा असतात, आणि सगळ्यांच्या वर असतो बेंजो, म्हणजे वीज खाऊन माजलेला बुलबुलतरंग. त्याचा आवाज असा नाकात बोलतो की दोन गल्ल्यांपलीकडचा माणूस दाढी करता करता थांबतो. हेमचंद्रच्या पार्टीचा मालक मधू भोईर. बेंजो तोच वाजवायचा. त्याने हेमचंद्रला घेतलं ते त्याच्या काळ्या गिटारकडे बघून. "पार्टीला जरा शो येल," तो म्हणाला होता. आणि खरंच, कार्यक्रमात हेमचंद्र दिसायचा सगळ्यांना. ऐकू मात्र कुणालाच यायचा नाही.

मास्टर वाढवून बघितला नव्हता असं नाही. बदलापूरच्या एका वरातीत त्याने हिय्या करून तो पाचवर नेला. पण गेन दहावर असताना मास्टर वाढवला की ॲम्प्लिफायर शिट्टी मारतो, आणि ती शिट्टी अशी काही होती की नवरदेवाचा घोडा नवरदेवासकट निघाला तो थेट कुळगावात जाऊन थांबला. नवरदेव परत आला तेव्हा फेटा नव्हता. तेव्हापासून मधूने सांगून ठेवलं होतं, "हेम्या, तो कान पिलायचा नाय. एकवर म्हंजे एकवर." म्हणजे घरी गुप्ते आणि बाहेर घोडा. मास्टर एकवरच राहिला.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण हेमचंद्रच्या वडिलांनी एक दिवस जेवताना विषय काढला.

शरदचंद्र सबनीस कारखान्याच्या मशीन शॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. उभी नोकरी लेथ आणि प्रेसच्या शेजारी गेली होती, आणि कानांनी त्याची किंमत दिली होती. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. "तुम्हाला कमी ऐकू येतं" म्हणणं म्हणजे त्यांना चोर म्हणण्यासारखं होतं. दाराची बेल चिमणीसारखी चिवचिवणारी होती. ती त्यांना ऐकू यायची नाही, तर ते म्हणायचे, बेल बिघडली आहे आणि दूधवाला खोटं बोलतो. कुकरच्या शिट्ट्या तर केव्हाच बंद झाल्या होत्या त्यांच्यापुरत्या. हेमचंद्रची आई कुंदाताई, त्या वरण करपायला नको म्हणून स्वतःच लक्ष ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. घरात हा विषय झाकून ठेवलेल्या पातेल्यासारखा होता. आत काय आहे ते सगळ्यांना माहीत, झाकण कोणी काढायचं नाही.

"मी तुझे कार्यक्रम बघितले," शरदचंद्र म्हणाले. "मधूचा बेंजो ऐकला. ढोल ऐकला. तुझे हात हलताना बघितले. आवाज कुठे आहे?"

"असतो बाबा."

"मग मला का येत नाही?"

कुंदाताईंनी आमटीचा डाव उचलला आणि तसाच धरून ठेवला. हेमचंद्रने भाताकडे बघितलं.

"कारण तो नसतोच," शरदचंद्रांनी निकाल दिला. "तुला उभं करतात. नवरदेवाच्या मोटारीवर पुढे बाहुली बांधतात ना, तसं. लोक मला भेटतात, म्हणतात, 'तुमचा मुलगा वाजवतो वाटतं?' काय सांगू त्यांना? हात हलवतो म्हणून सांगू?"

"बाबा, मी खरंच वाजवतो."

"ठीक आहे. पालेगावला दौलतरावच्या मुलीची हळद आहे, तुमचीच पार्टी आहे ना? मलाही बोलावणं आहे. मी शेवटच्या खुर्चीवर बसेन. तुझं गिटार मला तिथे ऐकू आलं, तर पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही. नाही आलं, तर तो ॲम्प्लिफायरचा पेटारा ज्याने बनवला त्या टेकचंदकडे परत आणि ती पार्टीही बंद. माझा मुलगा चार लोकांत वाजवण्याचं सोंग करून उभा राहतो, हे मला बघवत नाही."

हेमचंद्र ताटावरून उठला. त्याला भयंकर राग आला होता, आणि रागाच्या खाली जे होतं ते जास्त वाईट होतं. पार्टी सुटली असती तर त्याला दुःख झालं असतं, पण ते पचलं असतं. आपला बाप आपल्याला ढोंगी समजतो, हे पचणारं नव्हतं. त्याला एकदा, फक्त एकदाच, बाबांना ऐकू जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो उल्हासनगर कॅम्प पाचला टेकचंदच्या दुकानात जाऊन बसला.

टेकचंदने हा ॲम्प्लिफायर एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या मशीनमधून बनवला होता. त्यात ट्रान्झिस्टर नव्हते, जुने काचेचे व्हॉल्व्ह होते. पुढचे छोटे व्हॉल्व्ह गेनच्या हाताखाली काम करतात आणि आवाज फाडतात. मागचे दोन मोठे तो आवाज ढकलत स्पीकरपर्यंत नेतात, आणि त्यांच्यावर पुरेसा जोर पडला की तेही आपल्या परीने फाटतात. हेमचंद्रची पक्की समजूत होती की गोम या मोठ्या व्हॉल्व्हमध्येच आहे. रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात त्याने वाचलं होतं, ईएल चौतीस नावाचा व्हॉल्व्ह लवकर चिडतो आणि मधल्या आवाजात गुरगुरतो. सिक्स एल सिक्स रुंद छातीचा, खाली भक्कम, वर काचेसारखा लख्ख, आणि सहजासहजी चिडत नाही. तेव्हापासून तो टेकचंदकडून वरचेवर व्हॉल्व्ह बदलून घ्यायचा आणि बदललेल्या आवाजाचं वर्णन पार्टीतल्या ताशेवाल्याला ऐकवायचा. ताशेवाला फार सोशिक माणूस होता.

"टेकचंदभाई, सिक्स एल सिक्स काढा," तो आता म्हणाला. "इंग्लंडचे ईएल चौतीस परत घाला. ते मागच्या वर्षीचे. त्यांना जरा गळा होता."

टेकचंदने सोल्डरिंग आयर्न खाली ठेवला. तो मनाचा चांगला माणूस होता आणि चांगल्या माणसाला जसं खोटं फार काळ पेलत नाही, तसं त्यालाही पेलत नव्हतं.

"साईं, एक बात बोलू? रागावू नको. तुझ्या मशीनमध्ये सिक्स एल सिक्स नाहीच आहे."

"म्हणजे?"

"अरे, तो लावायचा तर आतली सेटिंग पण फिरवायला लागते. बायस बघायला लागतो. मेरे पास टाइम कहाँ? मी थिनरने जुनी अक्षरं पुसली, नवी छापली, जाळीतून दिसतील अशी. तू घरी गेला, दुसऱ्या दिवशी आला, बोलला, 'टेकचंदभाई, जमीन-आसमान का फरक!' मी बोललो, पोरगा खूश आहे, कशाला बिघडवू?"

"आणि इंग्लंडचे?" हेमचंद्रने विचारलं.

"वही."

"दिवाळीला जर्मनचे घातले ते?"

टेकचंदने मान खाली घातली. "वही दो भाई हैं, साईं. शुरू से. टॉकीजवाले."

कॅम्प पाचमध्ये लेबल लावणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. तिथे लेबल आधी तयार व्हायचं आणि वस्तू सवडीने. पण हेमचंद्रला स्वतःचीच लाज वाटली. इंग्लंडच्या व्हॉल्व्हमधला धुक्यासारखा गोडवा त्याने ताशेवाल्याला अर्धा तास समजावून सांगितला होता. म्हणून तो टेकचंदवरच ओरडला, "फसवलंत मला!"

आता टेकचंदही तापला. "मी फसवलं? तू मास्टर कितने पे रखता है?"

"एकवर."

"एकवर मोठा व्हॉल्व्ह झोपलेला असतो! झोपलेला आदमी इंग्लंडचा की अमेरिकेचा, कसा कळेल तुला? एकवर तू त्याच्या जागी भेंडी खोचली तरी हाच आवाज येईल. त्याला सहावर जागा कर, मग मला येऊन सांग!"

"सहावर शिट्टी मारतो. घोडा पळाला होता."

"शिट्टी तुझा गेन मारतो. गेन तीनवर आण."

"गेन तीनवर आणला तर माझा टोन जाईल."

टेकचंदने दोन्ही हात जोडले आणि कपाळाला लावले. मग त्याने चहा मागवला, कारण भांडण कितीही झालं तरी गिऱ्हाईक चहाशिवाय जाऊ द्यायचं नाही हा त्याचा नेम होता. हेमचंद्र चहा पिऊन घरी आला. गेनला त्याने हात लावला नाही. हट्टी माणसाला उपाय कळला की त्याचा हट्ट आणखीच वाढतो.

हळदीच्या दिवशी पालेगावात दौलतराव पाटलांच्या अंगणात मांडव भरून माणसं होती. दौलतराव शरदचंद्रांच्या हाताखाली शॉपमध्ये होते. साहेब आले म्हणून त्यांनी पुढचा सोफा पुसून ठेवला होता. पण शरदचंद्र कुणाचं न ऐकता मागे गेले आणि पेंढ्याच्या उडवीजवळच्या अगदी शेवटच्या खुर्चीवर बसले. इस्त्रीचा बुशशर्ट, हात मांडीवर, तोंड गंभीर. शॉपमध्ये नवं मशीन चालू करून बघताना ते असेच बसायचे.

पार्टीने पहिलं गाणं वाजवलं. बेंजो नाकात किंचाळला, ढोल घुमले, पोरी नाचल्या. हेमचंद्रने जीव तोडून वाजवलं. बोटं दुखेपर्यंत वाजवलं. गाणं संपल्यावर त्याने मागे बघितलं. शरदचंद्रांनी हळूच, कुणाला दिसू नये अशा बेताने, नकारार्थी मान हलवली. त्या मान हलवण्यात राग नव्हता. वाईट वाटल्यासारखं होतं ते.

एवढ्यात बनूबाई उठल्या.

बनूबाई म्हणजे धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात ती लागतेच. ती धवले गाते. गाण्यातून देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन हळदीला बोलावते, आणि तिचं बोलावणं झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. बनूबाईंनी आयुष्यभर माईकशिवाय गायलं होतं. पण आता वय झालं होतं, आणि दौलतरावांनाही गावात पहिल्यांदा माईकवर धवला म्हणवून घ्यायची हौस होती. बनूबाईंनी माईक हातात धरला, खाकरल्या, आणि मंडपवाल्याच्या मशीनमधून धूर निघाला. रबर जळल्याचा वास सुटला. मंडपवाला पंख्याने वारा घालू लागला, जणू मशीनला घेरी आली होती.

"त्या पोराच्या पेटाऱ्यात घाला की वायर!" दौलतराव ओरडले.

हेमचंद्र काही बोलायच्या आत मधूने गिटारची पिन उपसून माईकची खुपसली. बनूबाईंनी डोळे मिटले आणि सुरू केलं, "कुलीच्या देवा, हलदीला ये..."

पण पेटाऱ्यातून देव आला नाही. आधी तळण आलं, खर्रर्र असं, आणि त्यामागून, माईक पेटाऱ्याच्या तोंडासमोरच असल्याने मास्टर एकवर असूनही, ती शिट्टी. तीच, घोडेवाली. अख्ख्या मांडवाने कान दाबले. गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली. नवरीने हळदीची वाटी डोक्यावर धरली. बायका, पोरं, ताशेवाला, भटजी, सगळ्यांचे हात कानांवर. आणि हेमचंद्रला दिसलं, की एवढ्या माणसांत एकच माणूस शांत बसला आहे. शेवटच्या खुर्चीवर शरदचंद्र हात मांडीवर ठेवून, लोक हे काय करताहेत म्हणून आश्चर्याने इकडेतिकडे बघत होते.

त्यांना ती शिट्टी ऐकूच आली नव्हती.

हेमचंद्र बघतच राहिला. बाबांना कमी ऐकू येतं हे त्याला माहीत होतं, पण नेमकं काय कमी येतं याचा विचार त्याने कधी केला नव्हता. चिमणीची बेल. कुकर. सगळं बारीक. आणि आपण काय वाजवत होतो? दहावर ट्रेबल. मधलं सगळं काढून टाकलेलं, जाड होतं ते ढोलाखाली गाडलेलं, आणि उरलेली सगळी फोडणी बाबांचे कान जिथे संपतात तिथे. ते खोटं बोलत नव्हते, टोमणाही मारत नव्हते. त्यांना खरंच आपला मुलगा मुका दिसत होता. हेमचंद्रला त्यांच्यावरच्या रागाची लाज वाटली.

"मेल्या!" बनूबाई त्याच्यावर कडाडल्या. "माजा गला कुठं घालवलास? देवाना असा बोलवू? पलून जातीन ते! मना माजा आवाज दे!"

हेमचंद्र गुडघ्यांवर बसला. त्याने गेन खाली आणला. दहा, सात, पाच, तीन. शिट्टी थांबली. म्हैस खाली बसली. बनूबाई गायला लागल्या, पण आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"नाय," बनूबाई म्हणाल्या. "ही कोन दुसरीच बाय हाय."

मग त्याने मिडलला हात घातला. ते बटण इतके दिवस फिरलं नव्हतं की फिरताना खरखरलं. दोन. पाच. सात. आणि बनूबाईंच्या आवाजाला नाक आलं. म्हातारं, खडबडीत, खणखणीत नाक! सुनेत्राबाई इथे असत्या तर लाल पेन घेऊन धावल्या असत्या. शेवटी त्याने श्वास रोखून मास्टर फिरवला, दोन, चार, सहा, आणि म्हशीकडे बघितलं. म्हैस रवंथ करत होती. जाळीमागे टॉकीजचे दोघे भाऊ नेहमीसारखेच लालकेशरी तापले होते, पण आज पहिल्यांदाच कामाला लागले होते.

बनूबाई गात होत्या. कुलीचा देव झाला, गावदेवी झाली, मग गेलेली माणसं. आजे, पणजे, चुलते. हेमचंद्रने मागे बघितलं. शरदचंद्र खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांनी मान एका बाजूला कलती केली होती. बनूबाईंनी दौलतरावांच्या वडिलांचं नाव घेतलं, "आण्णा पाटला, नातीच्या हलदीला ये," तेव्हा शरदचंद्रांचे ओठ हलले आणि त्यांनी शेजारच्या माणसाला काहीतरी सांगितलं. ते आण्णा पाटलांना ओळखत होते. नाव त्यांना ऐकू आलं होतं. पेंढ्याच्या उडवीपाशी, शेवटच्या खुर्चीवर.

हळद लागली. "चला रं!" मधूने हाक दिली. हेमचंद्रने गिटारची पिन खुपसली आणि सवयीने त्याचा हात बटणांकडे गेला. गेन दहा, मिडल शून्य. अंधारातही त्याचा हात चुकला नसता. पण हात मध्येच थांबला.

त्याला भीती वाटली. गेन दहावर असताना एखादी चूक झाली तर ती तळणात पडून तळली जायची, कुणाला दिसायची नाही. आता लपायला काही नव्हतं. मांडवभर माणसांसमोर धुतलेल्या काचेसारखं उभं राहायचं होतं. त्याने शेवटच्या खुर्चीकडे एकदा बघितलं, गेन तीनवरून पाचवर नेला, बाकी कशाला हात लावला नाही आणि तारांवर हात मारला.

घाटात ट्रक चढला. दुसऱ्या गिअरवर, भरलेला, छातीतून गुरगुरत. तो कॅसेटमधला आवाज होता. नाव नसलेल्या कॅसेटमधला तोच आवाज पालेगावात दौलतराव पाटलांच्या अंगणात येऊन उभा राहिला होता. एक म्हातारी म्हणाली, "टॅक्टर कुनी चालू केला?" मधूचा बेंजो दचकून थांबला, हा बेंजो वीज गेल्याशिवाय कधी थांबल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ताशेवाल्याने हेमचंद्रकडे बघितलं आणि पहिल्यांदाच, अगदी स्वतःहून, फरक कळल्यासारखी मान हलवली. मग ढोल सुरू झाले आणि सगळा मांडव उठला.

त्या नाचणाऱ्या गर्दीतून शरदचंद्र पुढे आले. वाटेत कुणीतरी त्यांच्या इस्त्रीच्या बुशशर्टाला हळद फासली, त्यांचं लक्ष नव्हतं. ते मुलाकडे गेले नाहीत, ॲम्प्लिफायरकडे गेले. वाकले आणि त्याच्या अंगावर तळहात ठेवला. लेथ नीट चालतंय का ते बघायला शॉपमध्ये ते असाच हात ठेवायचे. गाणं संपेपर्यंत तो हात तिथेच होता.

मग ते सरळ झाले.

"दुसऱ्या ओळीत चुकलास," ते म्हणाले.

चुकला होता खरंच. एक सूर घसरला होता. आजवर त्याच्या चुका कुणी काढल्या नव्हत्या, कारण कुणाला ऐकूच आल्या नव्हत्या. हेमचंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"परत वाजव," शरदचंद्र म्हणाले. "इथेच उभा आहे मी."

पुढच्या रविवारी सकाळी शरदचंद्र बाहेरच्या खोलीत खुर्ची ओढून ॲम्प्लिफायरसमोर बसले. "पालेगावसारखं लाव," ते म्हणाले. हेमचंद्र म्हणाला, "बाबा, सोसायटी..." पण त्यांनी हातानेच गप्प केलं. त्याने मिडल सातवर नेला, मास्टर जरा जपूनच चारवर ठेवला आणि सुरुवात केली. दुसरी ओळ होते न होते तोच दारात चिमणी चिवचिवली. कुंदाताईंनी दार उघडलं. श्रीपाद गुप्ते भिंतीवरचं घड्याळ काढून पुरावा म्हणून हातात घेऊन आले होते. त्यांच्यामागे सुनेत्राबाई, लाल पेन.

"सबनीस, हे काय चाललंय?" गुप्ते म्हणाले. "आजवर कसं बेतात होतं सगळं. आज हे एकदम..."

शरदचंद्रांनी कानामागे हात धरला.

"जरा मोठ्याने बोला गुप्ते," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

कुंदाताई दाराची कडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं, आणि ज्यांनी उच्चारायचं त्यांनी तर नव्हतंच. हेमचंद्रचा हात तारांवर थांबला. गुप्त्यांनी सगळी तक्रार मोठ्याने पुन्हा सांगितली, घड्याळ उंच धरून दाखवलं.

"नाही हो येत," शरदचंद्र म्हणाले. आवाजात कसलीही लाज नव्हती, उलट बरीचशी ऐट होती. "मशीन शॉपने कान खाल्ले माझे. बेल येत नाही, कुकर येत नाही, तुम्ही तर अजिबातच येत नाही. हा एकच येतो." त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं आणि खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली. "वाजव रे हेमू. दुसऱ्या ओळीपासून."